एक 'ओ' जास्त

माझ्या पोटात इंग्रजी आहे आणि हिंदी आहे, पण आयुष्य गेलं ते मराठी घरात. मी डिक्शनरी. जबलपूरला, महाराजपुरातल्या एका कॉलनीत, रत्नाकर पिंपळापुरेंच्या व्हरांड्यातल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. पाठ सुतळीने शिवलेली आहे, कव्हर जुन्या कॅलेंडरचं आहे. कॅलेंडरवरचा गणपती उलटा आलाय, कारण कव्हर घालताना रत्नाकरच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

रत्नाकरला मी अरे-तुरेच करते. तो बावीस-तेवीस वर्षांचा असल्यापासून मी त्याला ओळखते. तेव्हा त्याला मिशी नीट आली नव्हती.

माझा जन्म आग्र्याच्या एका छापखान्यात झाला. पहिला मालक कॉलेजात शिकणारा कुणी मुलगा होता. बी. ए. झाल्यावर त्याने मला रद्दीत घातलं, आणि मी जबलपूरला ओमतीच्या फुटपाथवर जुन्या गाईडांच्या खाली येऊन पडले. तिथे उन्हात पाठ भाजत असताना एक दिवस एक पोरगा सायकल भिंतीला टेकवून खाली बसला आणि सरळ मलाच उचललं त्याने. दुकानदार म्हणाला, "पूरी है भैया, देख लो." त्या पोराने पाहिलं नाही. त्याला घाई होती.

घाई कशाची, ते मला पुढे कळलं. शरयूशी लग्न झालं तेव्हा त्याने तिला तो किस्सा सांगितला, आणि मी त्याच्या मांडीवर होते. तो फॅक्टरीत फिटर म्हणून नवा लागला होता. वर्ध्याला आई आजारी पडली. रजेचा अर्ज इंग्रजीत लागायचा. त्याने आपल्या बुद्धीने लिहिला, 'प्लीज लीव्ह मी फोर डेज.' त्याला म्हणायचं होतं, चार दिवसांची रजा द्या. कागद म्हणत होता, मला चार दिवस सोडा. बाबूने तो अर्ज सगळ्या सेक्शनला वाचून दाखवला. रजा मिळाली. आईही बरी झाली. पण दोन वर्षं त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. 'ए लीव्ह मी, पाना दे' असंच चालायचं. ते हसणं ऐकून त्याच आठवड्यात तो मला घ्यायला आला होता.

शरयू हे ऐकून हसली नाही. तिने विचारलं, "मग आईला किती दिवसांनी भेटलात?" मला ती बाई त्या दिवसापासून आवडते.

रत्नाकर ड्यूटीवरून आला की हातांचं ग्रीस केरोसीनने पुसायचा, मग साबणाने धुवायचा आणि मला घेऊन बसायचा. शब्द शोधला की त्याच्यासमोर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचा. तोच शब्द पुन्हा अडला तर दुसरं टिंब. काही शब्द त्याला एका टिंबात आले. काही शब्दांनी त्याला फार दमवलं. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी पुस्तक, हलणार कशी.

हळूहळू त्याला लिहिता यायला लागलं. म्हणजे, कामापुरतं. मग बाजूचे लोक यायला लागले. कुणाला बदली पाहिजे, कुणाच्या गल्लीतला दिवा लागत नाही, कुणाच्या मुलाला शाळेचा दाखला मिळत नाही. रत्नाकरची एक पद्धत होती. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, शरयूने चहा आणायचा, आणि मग तो विचारत राहायचा. घरात कोण कोण आहे, पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण, गावी कोण राहिलं. अर्जाशी ज्याचा संबंध नाही असं सगळं. कधीकधी दोन कप चहा व्हायचे तरी पेनचं टोपण निघायचं नाही. आणि मग एकदम म्हणायचा, अच्छा, आता समजलं. चलो. आणि लिहायला घ्यायचा.

त्याच्या लिहिण्यात चुका असायच्या. मी डिक्शनरी आहे, मला दिसायच्या. 'डिस्कस'च्या पुढे तो 'अबाउट' लावायचा, 'रिटर्न'पुढे 'बॅक' लावायचा. शेवटी हमखास 'काइंडली डू द नीडफुल'. पण गल्लीतले दिवे लागले, दाखले मिळाले, बदल्या झाल्या. रत्नाकर रिटायर झाला तरी लोक येत राहिले. सुटीच्या दिवशी चार-पाच चपला व्हरांड्याबाहेर असायच्याच.

नात अवंतिका मोठी होईपर्यंत हे असंच चाललं.

अवंतिका म्हणजे सुशांतची मुलगी, रत्नाकरच्या मुलाची. लहानपणी माझ्यावर बसून जेवायची, कारण खुर्ची तिला बुटकी पडायची. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदी येते. गेल्या वर्षी बारावीला गेली आणि नेपियर टाउनच्या कोचिंगला जायला लागली. तिथल्या इंग्रजीच्या सरांनी त्यांना चुकांची एक लांबलचक यादी दिली होती. लोक रोज करतात त्या चुका. पोरगी हुशार. आठवड्याभरात यादी पाठ झाली, आणि मग तिला जग चुकांनी भरलेलं दिसायला लागलं. स्कूटरवरून येताना दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढायची. दंतवैद्याच्या पाटीत चूक, चाऊमीनच्या ठेल्यावर चूक, शाळेच्या नोटिशीत चूक. जेवताना सगळ्यांना दाखवायची. रत्नाकर कौतुकाने बघायचा. म्हणायचा, "पोरगी माझ्याहून पुढे गेली."

जुलैमध्ये इंदिरा आली.

तिचा नवरा गौरांग फॅक्टरीत रत्नाकरच्या हाताखाली काम शिकला होता. जूनमध्ये ड्यूटीवरून घरी येऊन चप्पल काढतानाच तो गेला. शेहेचाळीस वर्षांचा होता. आता फॅक्टरीचं क्वार्टर सोडायचं पत्र आलं होतं. नियम तसाच आहे, काही महिने मिळतात आणि मग सोडावं लागतं. इंदिराची मुलगी प्रणोती अवंतिकाएवढीच, तिचीही बारावी. परीक्षा होईपर्यंत तरी राहू द्या, असा अर्ज इंदिराला हवा होता.

त्या दिवशी रत्नाकरचंही मन ठिकाणावर नव्हतं. गौरांगला त्याने पहिल्यांदा कानस धरायला शिकवली होती. चहा झाला, पण त्याने नेहमीसारखं काही विचारलं नाही. समोर इंदिरा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तो लगेच लिहायला बसला. दोन ओळी झाल्यावर त्याने वाचून दाखवलं आणि तिला अर्थ सांगितला, "आम्हाला या वेळी राहतं घर गमवायचं नाही."

अवंतिका कोचिंगची पिशवी खांद्याला लावून मागे उभी होती. ती वाकून म्हणाली, "आजोबा, ये गलत है. 'लूज'मध्ये एकच ओ असतो. दोन लावले तर ढिलं होतं. तुम्ही लिहिलं, आम्हाला घर ढिलं करायचं नाही."

आणि ती हसली. मुद्दाम नाही. सतरा वर्षांच्या मुलीला जसं हसू येतं तसं आलं. मग तिने बोट ठेवून आणखी चार चुका दाखवल्या. प्रत्येक चुकीला बोट कागदावर टेकायचं, आणि रत्नाकर त्या बोटाकडे बघायचा. इंदिरालाही काय करावं कळेना, तीही थोडं हसली.

रत्नाकरने टोपण लावलं. तो रागावला नाही. इंदिराला म्हणाला, "अवंतिकाच लिहील. तिचं इंग्रजी चांगलं आहे. माझं आपलं फिटरचं." आणि मला उचलून कपाटावर ठेवलं, पितळी डब्याच्या मागे. ठेवताना त्याचा हात थोडा वेळ माझ्यावर होता. त्या हाताला इतक्या वर्षांनीही ग्रीसचा वास येतो, असं मला वाटतं. शरयू म्हणते, येत नाही.

कपाटावर धूळ फार. पण धुळीपेक्षा वाईट काय होतं ते सांगते. खाली माणसं यायची आणि मला ऐकू यायचं. कुणी अर्ज लिहायला सांगितला की रत्नाकर म्हणायचा, डोळ्याने दिसत नाही आता. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती, पेपर तो चष्म्याशिवाय वाचायचा. शरयू हे ऐकून स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची.

अवंतिकाने इंदिराचा अर्ज फोनवर लिहिला. सहा ओळी. एकही चूक नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगेन, कारण तिने तो मोठ्याने वाचला होता आणि मी वरून एकेक शब्द तपासला. प्रिंट काढून तिने इंदिराला दिला. इंदिराने सही केली आणि नेला.

तीन आठवड्यांनी इंदिरा उत्तर घेऊन आली. रत्नाकर आणि शरयू अधारतालला भाजी आणायला गेले होते. अवंतिका एकटीच अभ्यास करत होती.

इंदिरा म्हणाली, "वाचून सांग ना, बेटा. प्रणोतीला नाही दाखवलं मी. तिचा टेस्ट चालू आहे."

अवंतिकाने वाचलं. विनंती मान्य करता येत नाही. अर्जात कोणतंही खास कारण दिलेलं नाही.

"कारण नव्हतं का लिहिलं आपण?" इंदिराने विचारलं.

"परीक्षा लिहिली होती काकू. दुसरं तुम्ही काही सांगितलंच नाही."

इंदिराने कागदाची घडी केली. म्हणाली, "तू विचारलंच नाही, बेटा."

यात तक्रार नव्हती. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि ऑटो थांबवलाय म्हणून निघून गेली. अवंतिका दारात उभी राहिली. बऱ्याच वेळाने आत आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

रत्नाकर आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. आजोबा, आता तुम्ही लिहा, म्हणाली. रत्नाकर भाजीची पिशवी रिकामी करत राहिला. म्हणाला, "माझं इंग्रजी चुकीचं आहे बाई. तुझ्या सरांकडून लिहून आण."

तिने आणखी दोनदा म्हणून पाहिलं. तो टोमॅटो वेगळे आणि वांगी वेगळी करत होता.

मग शरयूने तिला आत बोलावलं. 'लीव्ह मी'चा किस्सा सांगितला. त्या सेक्शनमधलं हसणं, ती दोन वर्षं, ओमतीचा फुटपाथ. अवंतिकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरात कुणी सांगितलंच नव्हतं. शरयू म्हणाली, "तू त्याच्यापेक्षा बरोबर आहेस, ते मला समजतं. पण काहून सगळ्यांसमोर?"

अवंतिका स्टुलावर चढली आणि मला खाली काढलं. फुंकर मारली, ओढणीने पुसलं. आणि जमिनीवर बसून पान पान उलटायला लागली.

तिला टिंबं दिसली. आधी तिला वाटलं झुरळांनी घाण केलीय. मग लक्षात आलं, प्रत्येक टिंब एका शब्दासमोर आहे. 'रिसीव्ह'समोर अकरा होती. आय आधी की ई आधी, हे त्याला अकरा वेळा बघावं लागलं होतं. मागच्याच टेस्टमध्ये तिची स्वतःची चूक तीच झाली होती, हे मला तिच्या थांबलेल्या बोटावरून कळलं. मग ती 'लूज' शोधायला लागली. त्याचं टिंब तरी दिलं की नाही, बघावं म्हणून असेल.

ते तिला सापडलं नाही. आणि इथे मला माझं लपवलेलं सांगायलाच पाहिजे. ते पान माझ्यात नाही. 'लॉज'वर एक पान संपतं आणि पुढचं 'लाउड'पासून सुरू होतं. मधलं पान फुटपाथवर येण्याआधीच फाटून गेलं होतं. दोन ओ वाला 'लूज' आणि एक ओ वाला 'लूज' दोन्ही त्या पानावर होते. दुकानदार म्हणाला होता, पूरी है. मी पुरी नव्हते. रत्नाकर तो शब्द शोधायला किती वेळा आला, मला माहीत आहे. उजव्या पानावर बघायचा, डाव्या पानावर बघायचा, मग पेन्सिल कानामागे खोचायचा आणि अंदाजाने लिहायचा. त्याच्या त्या चुकीला लोकांनी त्याची चूक म्हटलं. ती माझी होती.

अवंतिका मला उघडीच घेऊन बाहेर गेली. रत्नाकर पायरीवर बसला होता. तिने ती जागा दाखवली. तो म्हणाला, "हो, ते पान नाही त्यात. पहिल्यापासून नाही."

"मग दुसरी डिक्शनरी काहून नाही घेतली?"

"घेऊन काय करू? यात माझी टिंबं आहेत."

ती त्याच्या शेजारी बसली. समोरून गॅसवाला गेला, कॉलनीतली मुलं सायकली फिरवत होती. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही विचारा. मी लिहिते. तुम्ही सांगाल ते."

रत्नाकर म्हणाला, "इंदिराला फोन लाव."

इंदिरा रविवारी आली. शरयूने चहा आणला. या वेळी रत्नाकरने नेहमीसारखं विचारायला घेतलं. घरात झोपायला कोण कुठे, पाणी कधी येतं, सकाळी पहिलं कोण उठतं. अवंतिका पेन घेऊन बसली होती. सुरुवातीला तिला कळेना काय लिहावं. मग इंदिरा म्हणाली की पहिली तीच उठते, सासूची कूस बदलावी लागते म्हणून.

"सासू?" अवंतिकाने मान वर केली.

सासू तीन वर्षं अंथरुणाला होती. क्वार्टर तळमजल्यावर, फॅक्टरीचं हॉस्पिटल समोरच्या रस्त्याला. आठवड्यातून दोनदा इंदिरा आणि प्रणोती तिला चाकाच्या खुर्चीवरून नेतात. रस्ता ओलांडायला गेटवरचा गार्ड मदत करतो. दुसरीकडे भाड्याने बघितलेली खोली पहिल्या मजल्यावर होती. इंदिराने हे कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "घरातलं माणूस आजारी आहे, ते काय साहेबाला सांगायचं? बरं नाही दिसत."

"तेच सांगायचं असतं," रत्नाकर हळूच म्हणाला.

अर्ज दीड पान झाला. दोन ठिकाणी आजोबा-नातीचं जुंपलं. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' आलं तेव्हा अवंतिकाने पेन खाली ठेवलं. हे कुणी लिहीत नाही आजोबा, सर म्हणतात, खूप जुनं आहे, हसतात लोक. रत्नाकर म्हणाला, "अगं, जे गरजेचं आहे ते करा. एवढंच तर म्हणून राहिलो मी. यापेक्षा जास्त इंदिराला काय पाहिजे?"

अवंतिकाने विचार केला. मग ते वाक्य लिहिलं, आणि स्पेलिंग मला विचारून घेतलं.

परवानगी आली, ती एकतीस मार्चपर्यंत. मागितलं होतं मे अखेरपर्यंत. सासू मात्र फेब्रुवारीतच गेली, त्याच क्वार्टरमध्ये, झोपेत. प्रणोतीचा शेवटचा पेपर झाला आणि दोन दिवसांत त्यांनी सामान हलवलं. पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत आता दोघीच असतात. म्हणजे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण म्हातारीला जिना चढावा लागला नाही, आणि पोरीने परीक्षेचा अभ्यास आपल्या खोलीत बसून केला.

मी पुन्हा व्हरांड्यातल्या टेबलावर आले. अर्ज आता दोघं मिळून लिहितात. रत्नाकर विचारतो, अवंतिका लिहिते. चूक झाली तर ती कागदावर बोट ठेवत नाही. माणूस गेल्यावर सांगते. कधी रत्नाकर तिला सांगतो. ती जुलैत भोपाळला कॉलेजला जाणार आहे. मग कसं होईल, मला ठाऊक नाही. शब्द आता फोनवर मिळतात. माझी गरज शब्दांसाठी उरलेली नाही, हे मला कळतं. माझा कागद पिवळा पडलाय, आणि उघडताना सुतळी करकरते.

मागच्या आठवड्यात निकाल लागले. प्रणोती खोव्याची जिलबी घेऊन आली, आणि एक कागद. म्हणाली, आईने लिहिलंय, मी मदत नाही केली, तिने करू दिली नाही. इंदिरा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने इंग्रजीत काही लिहिलं होतं. वहीच्या पानावर, रेघ सोडून, प्रत्येक अक्षर वेगळं. तीन ओळी.

रत्नाकरने कागद अवंतिकाकडे दिला. तिच्या हातात पेन होतं. तिच्या नजरेसोबत मीही वाचलं. पहिल्या दोन ओळींत पाच चुका होत्या. तिसरी ओळ होती, 'थँक यू फॉर लिसन मी.' 'लिसन'ला आयएनजी लावायला पाहिजे, पुढे 'टू' पाहिजे. कोचिंगच्या यादीत ही चूक नवव्या नंबरवर आहे, मी ती यादी पुष्कळदा ऐकलीय.

अवंतिकाने पेन टेबलावर ठेवलं. ओळ पुन्हा वाचली, या वेळी आजोबांना ऐकू जाईल अशी, जशी लिहिली होती तशीच. मग विचारलं, "हे कुठे ठेवू?"

रत्नाकरने माझ्याकडे बोट दाखवलं.

तो कागद आता माझ्यात आहे. हजारो बरोबर शब्दांच्या मध्ये ते सात चुकीचे. मी डिक्शनरी आहे, चूक मला सहन होत नाही, जन्मच त्यासाठी. पण या सातांना मी काही म्हणत नाही. तुम्ही कधी महाराजपुरात आलात आणि एखादा शब्द अडला, तर मला जरूर उघडा. फक्त हळू उघडा. तो कागद सैल ठेवलेला आहे, पडेल.